काच बदलून काय होतंय?

गेल्या वर्षी जुलैत, रात्री पावणेबाराला, घणसोलीतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी दिवे घालवून जमिनीवर पालथा पडलो होतो आणि ओळीने बसवलेल्या चार व्हॉल्व्हकडे टक लावून बघत होतो. तिघांच्या आत नेहमीचा नारिंगी उजेड होता. चौथ्याच्या काळ्या प्लेटवर मधोमध एक लालसर डाग उमटत चालला होता. तव्याखालची आच जास्त झाली की दिसतो तसा. बाहेर पाऊस, आत स्पीकरमधून प्रल्हाद शिंदे, आणि त्यांच्या आवाजाखाली एक बारीक घुंऽऽ.

मी काय करायला हवं होतं? स्विच बंद. मी काय केलं? फोन उघडून व्हॉल्व्ह शोधायला लागलो.

पुढच्या तीन महिन्यांत मी ईएल८४ चे दोन संच विकत घेतले. पहिल्याला आमच्या अर्ध्या महिन्याच्या भाड्याएवढे पैसे गेले. दुसरा थोडा स्वस्त होता. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, रोज आठ तास मी दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो, आणि तरी या तीन महिन्यांत एकदाही मी मीटर हातात घेतला नाही. का घेतला नाही याचा विचार केला तेव्हा माझा राग आधी स्वतःवर निघाला आणि मग हळूहळू त्या सगळ्या संस्कृतीवर, जिने मला शिकवलं की व्हॉल्व्ह निवडणं म्हणजे अत्तर निवडणं. या लेखात मी तिच्याशीच भांडणार आहे.

आधी ज्यांना व्हॉल्व्ह म्हणजे पाण्याचा वाटतो त्यांच्यासाठी दोन ओळी. ट्रान्झिस्टर येण्याआधी आवाज मोठा करायचं काम या काचेच्या नळ्या करत. आत निर्वात पोकळी. मधोमध तापलेला कॅथोड, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरची प्लेट त्यांना ओढून घेते. वाटेत तारेची जाळी, म्हणजे ग्रिड. ग्रिडवरचं व्होल्टेज जरासं हललं की प्लेटकडे जाणारा प्रवाह बराच हलतो. अँपमधले शेवटचे, मोठे व्हॉल्व्ह म्हणजे आउटपुट व्हॉल्व्ह. ते ट्रान्सफॉर्मरमार्फत स्पीकर हलवतात, सगळ्यात जास्त तापतात आणि म्हणून सगळ्यात आधी म्हातारे होतात. कधी ना कधी ते बदलावे लागतातच, आणि तिथेच बाजार सुरू होतो.

हा अँप माझ्या आजोबांचा. उरणजवळच्या आमच्या गावात त्यांची साउंड सर्व्हिस होती. हळदी, साखरपुडे, गणपती, भजनाचे सप्ते. शिकागो रेडिओचे कर्णे नारळाच्या झाडाला बांधायचे आणि रात्रभर मंडपात अँपशेजारी झोपायचं. धंद्याचे अँप दणकट आणि कर्कश होते. हा एक मात्र त्यांनी घरासाठी बांधला, १९७३ साली. प्रत्येक बाजूला दोन ईएल८४, दहा वॅट. रचना मुलार्ड कंपनीच्या त्या काळच्या '५-१०' नावाच्या प्रसिद्ध सर्किटसारखी (पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट, एवढाच नावाचा अर्थ), पण मिळतील त्या भागांनी जुळवलेली. आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतः गुंडाळले. व्हॉल्व्ह होते बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबू या. भारत इलेक्ट्रॉनिक्स ही १९५४ साली संरक्षण खात्यासाठी उभी राहिलेली सरकारी कंपनी. १९६१ पासून तिने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, फिलिप्सच्या सहकार्याने. ईसीसी८३, ईएल८४ वगैरे मंडळी आपल्याकडच्या रेडिओंत आणि रेडिओग्रॅममध्ये याच कारखान्यातून येऊन बसली. आजोबांच्या पिढीत त्यांना कुणी डोक्यावर घेतलं नाही. देशी माल, चालतो, बस. रेडिओ भंगारात गेले तेव्हा व्हॉल्व्हही किलोच्या भावाने गेले. आता तेच व्हॉल्व्ह 'फिलिप्सच्या तंत्राने बनलेले, दुर्मिळ, भारतीय' म्हणून परदेशी गिऱ्हाइकांना विकले जातात, आणि लॅमिंग्टन रोडवर किंवा चोरबाजारात विचारलंत तर दुकानदार आधी तुमच्या बुटांकडे बघून भाव ठरवतो. व्हॉल्व्ह तोच आहे. कारखाना तोच, काच तीच. गोष्ट तेवढी बदलली.

तर मी. लाल डाग बघितल्यावर मी ठरवलं की व्हॉल्व्ह गेला. एका विक्रेत्याला मेसेज केला. त्याने विचारलं, "साहेब, साउंड कसा पाहिजे? वॉर्म की डिटेल्ड?" एकाही व्होल्टेजची चौकशी नाही. अँप कुठला, ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा, कॅथोडला रेझिस्टर किती, काही नाही. मी म्हणालो, वॉर्म. त्याने 'एनओएस मॅच्ड क्वाड' सुचवला. एनओएस म्हणजे 'न्यू ओल्ड स्टॉक': जुना, पण न वापरलेला माल. मॅच्ड क्वाड म्हणजे चौघे एकमेकांशी जुळणारे. खोक्यावर इंग्रजी कंपनीचं नाव. पैसे पाठवले, खोका आला, व्हॉल्व्ह बसवले, आणि पहिले चार दिवस मला खरंच ऐकू आलं की आवाज उबदार झालाय. पाचव्या दिवशी त्याच जागेवरचा नवा व्हॉल्व्ह लाल झाला.

त्याच जागेवरचा. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण मी तेव्हा वाचलं नाही. ऑफिसात एखादा सर्व्हर रोज तीन वाजता पडायला लागला आणि कुणी म्हणालं 'दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर आणू या', तर मी त्याला मीटिंगमध्येच हसलो असतो. घरी मात्र मी विक्रेत्याला लिहिलं की माल खराब निघाला. तो म्हणाला, तुमच्या अँपला हा ब्रँड मानवत नसेल, दुसरा बघा. मी दुसरा बघितला!

जी चाचणी मी तीन महिने केली नाही ती फुकट आहे आणि पाच मिनिटांची आहे. अँप बंद करायचा, थंड होऊ द्यायचा, लाल झालेला व्हॉल्व्ह आणि शेजारचा व्हॉल्व्ह यांची अदलाबदल करायची, मग लक्ष ठेवून थोडा वेळ चालवायचा. लाली व्हॉल्व्हबरोबर शेजारच्या बेसवर गेली तर व्हॉल्व्ह दोषी. लाली त्याच बेसवर राहिली तर दोष खाली, सर्किटमध्ये आहे आणि जगातला कुठलाही व्हॉल्व्ह तिथे लावला तरी तो भाजणार. व्हॉल्व्ह निवडीवरची जी काही माहिती मी त्या दिवसांत वाचली, व्हिडिओ पाहिले, त्यांत आवाजाच्या वर्णनांना अंत नव्हता. गोडवा, मखमल, हवा, खोली. ही चाचणी क्वचितच कुणी सांगितली, आणि ज्याने सांगितली ते मी पुढे ढकललं, कारण त्यात मजा नव्हती.

आता नावांबद्दल. मुलार्ड ही मूळची ब्रिटिश कंपनी, १९२७ पासून पूर्ण फिलिप्सच्या मालकीची. तिचा मोठा कारखाना लँकशायरमधल्या ब्लॅकबर्नला होता. तिथे व्हॉल्व्ह बनणं थांबून चार दशकं झाली. आज दुकानात 'मुलार्ड' छापलेला कोरा नवा व्हॉल्व्ह मिळतो तो रशियातल्या सारातोव शहरात बनतो. न्यूयॉर्कची न्यू सेन्सर नावाची कंपनी तो कारखाना चालवते आणि जुनी नावं तिने विकत घेतलेली आहेत. सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, टंग-सोल, गोल्ड लायन, हीसुद्धा त्याच घरची. एकाच छताखालून बाहेर पडलेले व्हॉल्व्ह. मॉडेलप्रमाणे आतल्या रचनेत फरक असतात, नाही असं नाही. पण 'मुलार्डचा तो इंग्लिश आवाज, आणि टंग-सोलचा तो अमेरिकन मोकळेपणा' असं जेव्हा नव्या मालाबद्दल कुणी लिहितं तेव्हा सारातोवच्या बाईंनी सकाळी कुठल्या देशाच्या मूडमध्ये जाळी गुंडाळली हे त्याला कसं कळलं, असं विचारावंसं वाटतं.

मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यातीवर बंदी घातली तेव्हा या सगळ्या 'ब्रिटिश' आणि 'अमेरिकन' नावांचा पुरवठा एकदम अडला. पुढे माल पुन्हा यायला लागला, भाव मात्र वाढूनच. जगात नवे व्हॉल्व्ह बनवणारी ठिकाणं बोटांवर मोजण्याएवढी आहेत: सारातोव, स्लोव्हाकियातलं चाद्सा जिथे जेजे कंपनी आहे, चीनमधले काही कारखाने, अमेरिकेत थोडंसं. खोक्यांवरची नावं त्याच्या कितीतरी पट.

जुन्या मालाचं तरी काय? त्या काळीही एक कंपनी दुसरीकडून माल घेऊन आपला शिक्का मारत असे, हे सर्वश्रुत आहे. वर शिक्का पुसून नवा छापणारे आजचे कारागीर वेगळेच. आणि समजा खरा ब्लॅकबर्नचा, खरा न वापरलेला व्हॉल्व्ह तुमच्या हातात आला, तरी तो कुणाच्या गोदामात किती पावसाळे राहिला, आत हवा शिरली का, हे काच बघून कळत नाही. टेस्टरवर लावून कळतं. 'एनओएस' हे दोन्ही बाजूंनी सोयीचं अक्षर आहे. विकणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही आणि घेणाऱ्याला मागावा लागत नाही.

एक गंमत सांगतो. व्हॉल्व्हच्या आवाजाचं गूढ समजावताना हमखास सांगितलं जातं की व्हॉल्व्ह 'दुसरा हार्मोनिक' तयार करतो, म्हणजे मूळ सुराच्या बरोबर वरच्या सप्तकातला सूर मिसळतो, आणि तो कानाला गोड लागतो. ज्याने तंबोरा लावलाय त्याला हे पटकन पटतं. पण आजोबांच्या अँपसारखे बहुतेक घरगुती अँप 'पुश-पुल' असतात. एक व्हॉल्व्ह ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. या जोडीचा जन्मजात गुण असा की त्या दोघांत तयार होणारे सम हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारतात. जोडी जितकी जुळलेली तितके जास्त मरतात. म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकच्या गोडव्यासाठी दुप्पट पैसे देऊन मॅच्ड जोडी घेणारा माणूस नेमका तो गोडवा घालवण्याचे पैसे देतोय. मी दिले.

जोडी जुळलेली असावी याला खरी कारणं आहेत. दोन्ही व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह सारखा असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात तो एकमेकांना तोलतो. नसेल तर गाभा एका बाजूला चुंबकित राहतो, खर्ज विस्कटतो आणि वीजपुरवठ्यातली घरघर, जी एरवी रद्द झाली असती, स्पीकरमध्ये येते. माझी घुंऽऽ तीच होती. पण जुळणी म्हणजे आकडे: अमुक प्लेट व्होल्टेजला, अमुक बायसवर, इतका मिलिअँप. खोक्यावर हे आकडे नसतील तर 'मॅच्ड' हा शब्द लग्नपत्रिकेतल्या 'सुस्वरूप'सारखा समजावा.

शेवटी माझी गाठ पडली डोंबिवलीतल्या एका निवृत्त काकांशी. त्यांनी आयुष्यभर रेडिओ आणि मग टीव्ही दुरुस्त केले. आता मुलगा म्हणतो बास करा, म्हणून गॅलरीत एक टेबल तेवढं ठेवलंय. मी अँप घेऊन गेलो आणि सोबत दोन्ही संचांचे खोके, अभिमानाने.

"हे कशाला आणलेस?"

"काका, दोन ब्रँड लावून बघितले. तुम्हाला कुठला बरा वाटतो ते—"

"अरे, काच बदलून काय होतंय? खाली काय आहे ते बघितलंस का?"

त्यांनी अँप उलटा केला. पन्नास वर्षांपूर्वीचं आजोबांचं सोल्डरिंग अजून चमकत होतं. काका काही वेळ नुसते बघत राहिले. "चांगला हात होता," म्हणाले. मग लाल होणाऱ्या बेसच्या ग्रिडवर मीटर लावला. तिथे शून्य व्होल्ट असायला हवेत. मीटरवर जवळपास दोन व्होल्ट होते, धन. काकांनी एका तपकिरी, कडेने चिरलेल्या कंडेन्सरवर पेन्सिल ठेवली. "हा लीक झालाय. वरचं व्होल्टेज ग्रिडवर पाझरतंय."

हिशोब इतका सोपा आहे की लाज वाटते. या कंडेन्सरचं काम आवाज पुढे जाऊ देणं आणि आधीच्या व्हॉल्व्हचं मोठं स्थिर व्होल्टेज अडवणं. तो जुना झाला, दमट हवेत त्याचं इन्सुलेशन गेलं, आणि फक्त चार मायक्रोअँप पाझरायला लागले. ग्रिडला खाली ४७० किलोओहमचा रेझिस्टर. चार मायक्रोअँप गुणिले ४७० किलोओहम, जवळपास १.९ व्होल्ट. ईएल८४ ची ग्रिड भलतीच तिखट असते. एका व्होल्टला ११ मिलिअँपच्या आसपास फरक. डेटाशीटप्रमाणे ३०० व्होल्टला या व्हॉल्व्हचा आरामाचा प्रवाह ३६ मिलिअँप, म्हणजे साधारण ११ वॅट उष्णता, आणि प्लेटची मर्यादा १२ वॅट. मुळातच कमाल मर्यादेजवळ जगणारा प्राणी. त्याच्या ग्रिडवर दोन व्होल्ट चढवले की प्रवाह ५० मिलिअँपकडे जातो आणि प्लेटवर १५ वॅट पडतात. मग ती लाल होणारच. ब्लॅकबर्नची असो, सारातोवची असो वा बंगळूरची.

आणि हे इतके दिवस लपलं कसं? दोन्ही व्हॉल्व्हना कॅथोडखाली मिळून एकच १३० ओहमचा रेझिस्टर होता. या पद्धतीला सेल्फ बायस म्हणतात, प्रवाह वाढला की रेझिस्टरवरचं व्होल्टेज वाढून तोच प्रवाहाला आवरतं. (याउलट 'फिक्स्ड बायस' म्हणजे जो तुम्हाला दर वेळी हाताने लावावा लागतो. नावं कुणी ठेवली कोण जाणे.) पण रेझिस्टर सामायिक असला की एक भाऊ जास्त खातो, दुसरा आपोआप उपाशी राहतो आणि घरखर्च जवळपास तेवढाच दिसतो. काकांनी मोजलं: १०.४ च्या जागी ११.२ व्होल्ट. नुसता तो आकडा बघून कुणालाही वाटलं असतं की ठीक चाललंय.

दुसरं कारण आजीला ठाऊक होतं. मी फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमच्याकडं लाइट जास्त येत असेल. तुझे आजोबा आधी लाइट किती ते बघायचे, मगच लावायचे." आजोबा प्रत्येक मंडपात डिमरस्टॅट घेऊन जात. आमच्या फ्लॅटमध्ये रात्री मोजले तर २४४ व्होल्ट. आजोबांचा मेन ट्रान्सफॉर्मर २२० ला गुंडाळलेला. म्हणजे आतलं ३०० चं व्होल्टेज ३३३ झालेलं, जे ईएल८४ च्या ३०० च्या मर्यादेबाहेर. फिलामेंटला ६.३ ऐवजी जवळजवळ ७ व्होल्ट, अकरा टक्के जास्त. रोज रात्री मी त्यांना ताप आलेला असताना पळवत होतो आणि सकाळी आवाजातल्या उबेबद्दल बोलत होतो.

कंडेन्सर आला चाळीस रुपयांना. पण उशीर झाला होता. दुसऱ्या संचातला एक व्हॉल्व्ह जाताना आत शॉर्ट झाला होता, अँपमध्ये फ्यूज होता तो फक्त मेनवर, आणि डाव्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची अर्धी गुंडाळी तुटली होती. काकांनी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मी मोजलं. व्हॉल्व्ह जगात अजून बनतात. १९७३ साली उरणमध्ये हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर बनत नाही.

या ठिकाणी मला राग येतो आणि तो मी आवरणार नाही. सगळं शिकवणारी यंत्रणा मला काय निवडायला शिकवत होती? सर्वांत सहज बदलता येणारा, सर्वांत सहज विकता येणारा भाग. व्हॉल्व्ह बेसमध्ये बसतो, उपसून काढता येतो, म्हणून त्याच्याभोवती बाजार आहे, म्हणून त्याच्याभोवती विशेषणं आहेत. कंडेन्सर सोल्डर केलेला असतो, दिसत नाही, चमकत नाही, त्याच्यावर कुणी कविता केली नाही. मेन व्होल्टेज तर विकताच येत नाही.

आणि हे कुठे घडतंय? माझ्या ऑफिसची बस महापेवरून जाते. तिथे नेल्कोची पाटी आहे. किती जणांना माहीत असतं की नेल्को म्हणजे मूळची नॅशनल एको रेडिओ, १९४० साली स्थापन झालेली, घराघरांत व्हॉल्व्हचे रेडिओ पोचवणारी कंपनी? आता ती उपग्रह दळणवळणात आहे. खाडीपलीकडे ठाण्यात मर्फीचा कारखाना होता, ज्याच्या जाहिरातीतलं बाळ आपल्या आजी-आजोबांच्या भिंतींवर होतं. या पट्ट्यात व्हॉल्व्हचं सेट-लाइनवर काम केलेली, मीटर लावून दोष शोधणारी माणसं शेकड्यांनी राहिली असतील. त्यांतले काही अजून आहेत, डोंबिवलीच्या, कळव्याच्या गॅलऱ्यांत. आपण त्यांना विचारत नाही. आपण न्यूयॉर्कमधल्या मालकाच्या रशियन कारखान्यातल्या इंग्रजी नावाबद्दल अमेरिकन माणसाचा व्हिडिओ बघतो.

आता तुम्ही म्हणाल, मग कानांना काहीच कळत नाही का? काही कळतं. ईएल८४ च्या जागी वेगळ्याच जातीचा व्हॉल्व्ह आणि वेगळं सर्किट असेल तर फरक ऐकू येतो. दमलेला व्हॉल्व्ह ऐकू येतो. टिचकी मारल्यावर घंटेसारखा वाजणारा व्हॉल्व्ह तर नक्कीच. माझं भांडण एवढ्यापुरतं आहे: एकाच जातीचे, धडधाकट, एकाच प्रवाहावर लावलेले दोन व्हॉल्व्ह, केवळ नावं वेगळी. या अँपला साधारण वीस डेसिबलचा निगेटिव्ह फीडबॅक आहे, म्हणजे व्हॉल्व्हमधला फरक बाहेर येईपर्यंत दहापट लहान होतो. अँप दुरुस्त झाल्यावर मी प्रयोग केला. प्रत्येक संच लावून, आठ ओहमच्या लोडवर, तोच मालिनी राजूरकरांचा टप्पा रेकॉर्ड केला, आवाजाची पातळी तंतोतंत सारखी केली आणि कुठलं कुठलं ते न दिसेल अशी छोटी स्क्रिप्ट लिहून स्वतःची परीक्षा घेतली. सोळा वेळा. नऊ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तर आठ आले असते. निदान बारा आले असते तर मी हा लेख जरा नरमाईने लिहिला असता. सोळा चाचण्यांचा एक माणूस म्हणजे विज्ञान नव्हे, मान्य. पण ज्या विक्रेत्याने मला 'पहिल्या सुरातच कळेल' म्हणून सांगितलं होतं त्याला मी स्क्रिप्ट पाठवली. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

तुमच्याकडे असा अँप असेल, मामाचा, शेजारच्या काकांचा, भंगारातून उचललेला, तर व्हॉल्व्ह घेण्याआधी बेस बदलून बघा. लाइट किती येते ते मोजा. मग ग्रिडवर शून्य आहे का ते. हे मोजताना आत ३०० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सर धरून ठेवतात, त्यामुळे कधी केलं नसेल तर जाणत्या माणसाशेजारी बसून करा, एक हात खिशात ठेवून. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नका. आणि 'ईएल३४ टाक, वॅट वाढतील' असं कुणी म्हणालं तर त्याला आधी दोघांचे पाय मोजायला सांगा: ईएल८४ ला नऊ बारीक पिना, ईएल३४ ला आठ जाड. बसतच नाही. आठ पिनांच्या बेसवाल्यांची तर वेगळीच परीक्षा, तिथे भलतंही बसतं. ६एल६ चं फिलामेंट ०.९ अँपिअर मागतं, ईएल३४ चं दीड, केटी८८ चं १.६. आवाज बदलायला गेलात आणि मेन ट्रान्सफॉर्मर भाजून आलात, असं होतं.

मग घ्यायचे कुठले? जो कारखाना आज चालू आहे, ज्याचा माल बिघडला तर परत देता येतो, त्याचे. तुमच्या अँपमध्ये व्होल्टेज चढंच असेल आणि ते उतरवणं जमत नसेल, तर सोव्हिएत लष्करी ६पी१४पी-ईव्ही जास्त सोसतो अशी त्याची ख्याती आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे मिळाले आणि दुकानदाराने तुमच्यासमोर टेस्टरवर लावून दाखवले तर जरूर. त्याने टेस्टर नाही म्हटलं तर चहा पिऊन निघा.

ट्रान्सफॉर्मरचं सांगायचं राहिलं. काकांनी एका रिवाइंडिंगवाल्याकडे पाठवलं. त्याने पत्रे सोडवले आणि गुंडाळी एकेक थर उलगडत, वेढे मोजत वहीत लिहायला सुरुवात केली. थरांमध्ये बटर पेपर होता. चौथ्या थरावर तो थांबला आणि म्हणाला, "दादा, हे बघा." कागदावर शिसपेन्सिलीने आकडे होते, मराठीत. त्या थराचे वेढे, तारेचा गेज, आणि खाली एकूण बेरीज. प्रत्येक थरावर तसंच. माझ्या आजोबांनी, कधीतरी कुणीतरी हे सोडवेल म्हणून, लिहून ठेवलं होतं. रिवाइंडिंगवाल्याला मोजायची गरजच पडली नाही.

कागद मी घरी आणले. नवी गुंडाळी त्याच आकड्यांची आहे. सामायिक रेझिस्टर काढून प्रत्येक व्हॉल्व्हला काकांनी वेगळा २७० ओहमचा दिला, म्हणजे कोण किती खातोय ते दिसतं. मेनवर लहान ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, आतल्या व्होल्टेजवर वेगळा फ्यूज. बेसवर आता दोन जेजे आहेत आणि आजीच्या कपाटात पिठाच्या डब्यात निघालेले दोन बंगळूरचे, ज्यांवरची अक्षरं अर्धी पुसलीयत. चौघे एकमेकांसारखे दिसत नाहीत. काल रात्री मोजले: १०.७, १०.९, १०.६, ११.०.